चारशे सतरा नंबरचा माती-परवाना

१

कपाटात चारशे सोळा नंबरची फाइल होती, चारशे अठरा नंबरची होती. मधली चारशे सतरा नव्हती. कारकून ऑगस्टीन लोपीसने तीनदा बोट फिरवून पाहिलं, खालचा कप्पा उपसला, वरचा उपसला आणि शेवटी रुमालाने मान पुसत म्हणाला, "नाही मिळत, साहेब."

१९८३च्या फेब्रुवारीतला मंगळवार होता. त्या पहाटे रिफाच्या उतारावर तासभर पाऊस कोसळला होता. बहारीनचा पाऊस वर्षातून चार-सहा दिवसांचाच पाहुणा, पण येतो तेव्हा वर्षाची उधारी एकदम वसूल करतो. उतारावरच्या एका प्लॉटच्या मालकाने बंगल्यासाठी माती कापून ठेवली होती. ती सगळी सैल होऊन खालच्या घरावर आली. त्या घरात हुस्ना नावाची एक विधवा बाई एकटी राहायची. पहाटेच्या नमाजाआधी चहा ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली आणि मागची भिंत तिच्या अंगावर पडली. जीव वाचला, पण कमरेचं हाड मोडलं.

आता प्रश्न एकच होता. एवढा उतार कापायला परवानगी कोणी दिली?

सदानंद भडकमकर ज्या कचेरीत होता ती एक खाजगी सल्लागार कंपनी होती. घरमालकांचे परवाने तपासायचं काम तिच्याकडे होतं. त्यात हा माती-परवाना. "वाळवंटात मातीची कसली रे राखण?" असं पुण्याचे भाऊबंद त्याला हसून विचारायचे. मग सदानंद खुर्चीत सावरून बसायचा आणि नियम सांगायचा. उतारावरच्या घरमालकाने माती काढायची तर आधी पायथ्याला दगडी भिंत बांधायची. भिंत होईपर्यंत उतारावरचं एकही झाड, एकही झुडूप उपटायचं नाही. आणि इंजिनिअरने स्वतः जागेवर जाऊन, भिंतीला हात लावून, मगच सही करायची. ही तिसरी अट सदानंदच्याच डोक्यातून निघालेली. तिचा त्याला भारी अभिमान होता.

दुसरा अभिमान होता तो हरवलेल्या वस्तू शोधण्याचा. साहेबांचा हरवलेला शिक्का त्याने एकदा चहाच्या फ्रिजमधून काढून दिला होता, तेव्हापासून कचेरीत काही हरवलं की हाक त्यालाच. कामाला चोख, रजेवर जातानासुद्धा कुणाचं काही अडू नये अशी तजवीज करून जाणारा माणूस, असा त्याचा लौकिक होता.

म्हणून मुख्य इंजिनिअर हुसेनसाहेबांनी त्यालाच बोलावलं. हुसेनसाहेब बहारीनचेच, पण पुण्याला शिकलेले, त्यामुळे कँपातलं हिंदी त्यांच्या जिभेवर अजून होतं.

"देखो सदानंद, रजिस्टर में चार सौ सतरा का परवाना दिया, ऐसा कहीं लिखा नहीं. मालिक लंदन में, अस्पताल में है. उसके बेटे को कुछ मालूम नहीं. ठेकेदार बोलता है, उसके फोरमन ने अपनी मर्जी से खुदाई शुरू की. शनिवार सुबह मुझे रिपोर्ट देनी है. फाइल मिली तो ठीक. नहीं मिली तो खलास, वो फोरमन जेल जाएगा, फिर प्लेन में."

"फाइल मी काढतो," सदानंद म्हणाला, आणि हुसेनसाहेबांना कळावं म्हणून तेच हिंदीत म्हणाला. फोरमन कोण, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही.

२

फोरमन निघाला दापोलीकडचा. मुनाफ परकार त्याचं नाव. पन्नाशीचा, काटक, दाढीत चुन्याचे पांढरे डाग. बुधवारी सकाळी सदानंद रिफाला पोचला तेव्हा तो गुडघाभर चिखलात उभा राहून खालच्या घराची भांडी उपसत होता. मजूर भोवती होते.

"परवाना होता, साहेब," मुनाफ म्हणाला. "मालक लंडनला गेला त्या दिवशी त्यानं माझ्या हातात दिला. जानेवारीतला गुरुवार, तेरा तारीख. प्लास्टिकच्या पिशवीत घालून मी तो हत्यारांच्या खोपटात खिळ्याला लावला होता."

"खोपट कुठंय?"

मुनाफने चिखलाकडे बोट दाखवलं. खोपटाचा एक पत्रा तेवढा वर दिसत होता.

"सोयीस्कर आहे," सदानंद म्हणाला. "भिंत नाही, हे तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं. मी मालकाला म्हटलं, आधी भिंत घालू. तो म्हणाला, इंजिनिअरनं बघून सही केलीय, तू कोण शहाणा? मला इंग्रजी येत नाय, साहेब, पण कागद मी नीट बघितला होता. टाइपाची अक्षरं सहीच्या वरनं गेली होती."

"म्हणजे?"

"गिलाव्यावर रंग मारला की रंग वर दिसतो ना? आधी कुठला हात, मागनं कुठला, ते आम्हाला कळतं. त्या कागदावर सही आधीची होती, टाइप मागनं मारलेला."

सदानंदला हसू आलं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकायची त्याला सवय होती, पण गवंड्याने टाइपरायटरवर भाष्य करावं हे नवीन होतं.

"वा रे वा! कागद वाहून गेला, पण सही आधी की टाइप आधी ते तुला पाठ! खोटं बोलायचं तर जरा बेतानं बोलावं. एक बाई हॉस्पिटलात पडलीय तुझ्यापायी."

हे तो मजुरांसमोर, मोठ्याने आणि हिंदीत म्हणाला, सगळ्यांना समजावं म्हणून. मुनाफने हातातलं पातेलं पुसलं आणि इतर भांड्यांशेजारी ठेवलं. गाडीत बसताना सदानंदला कुठेतरी खटकलं, की गुन्हेगार माणूस दुसऱ्याची भांडी इतकी नीट लावत नाही. पण गाडी सुरू झाली आणि तो विचार मागेच राहिला.

वाटेत त्याच्या मनात दुसरंच घोळू लागलं. समजा, मुनाफ खरं बोलत असेल. तेरा जानेवारीला सदानंद स्वतः पुण्यात, पुतणीच्या लग्नात अक्षता वाटत होता. रजेच्या त्या तीन आठवड्यांत त्याच्या खुर्चीवर दुसरंच कोणी बसलं होतं.

३

बसला होता जयप्रकाश. आडनाव नायर, पण माटुंग्यात वाढलेला, मराठी आपल्यासारखंच बोलणारा. हुशार आणि फटकळ. सदानंदची जागा आपल्याला मिळायला हवी होती असं त्याला वाटतं, हे सगळी कचेरी जाणून होती.

गुरुवारी अर्धा दिवस. माणसं घरी निघायच्या घाईत होती. सदानंदने मुद्दाम सगळ्यांच्या देखत विचारलं, "जयप्रकाश, तेरा जानेवारीला चारशे सतराचा परवाना तू दिलास?"

जयप्रकाशने पेन्सिल खाली ठेवली.

"मी? मी त्या मालकाला बारा तारखेला हाकलून दिलं. भिंत नाही तर परवाना नाही म्हटलं. एवढा तमाशा केला त्याने, तुम्ही दारात उभ्या होतात, शरीफुन्निसा, सांगा यांना."

टेलिफोनवर बसणाऱ्या शरीफुन्निसाबाईंनी मान डोलावली. "हां, बहुत चिल्लाया था वो."

"मग तशी नोंद केलीस का कुठे?"

"करणार होतो. राहिली."

"ऑगस्टीनला तरी सांगायचंस. फाइली तो सांभाळतो."

न सांगण्याचं कारण सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते सांगायला लाज वाटावी असंच होतं. नाताळात ऑगस्टीनच्या मॅगीने सगळ्या कचेरीसाठी केक केला होता आणि जयप्रकाश त्याला भुसा म्हणाला होता. तेव्हापासून दोघांत बोलचाल बंद. एकाने काय केलं ते दुसऱ्याला चिठ्ठीशिवाय कळत नव्हतं.

"नोंद नाही, साक्षीला चारशे सतराची फाइल नाही," सदानंद म्हणाला. "फाइल गायब होण्यात फायदा कोणाचा, ते उघड आहे."

जयप्रकाशचा चेहरा लाल झाला. त्याने टेबलावरचा एक नकाशा उचलला आणि सदानंदच्या नाकासमोर धरला.

"ही माझी सही. मुंगीएवढी. तो फोरमन म्हणतो ना, टाइप सहीवरून गेलाय? काल तूच इथे हसत हसत सांगत होतास. हिच्यावरून टाइप न्यायचा म्हटलं तरी जमेल का? तशी सही मोठी असली पाहिजे, चांगली अर्ध्या कागदावर पसरलेली. शोध जा कोणाची ते. आणि सापडली की याच लोकांसमोर माझी माफी माग."

सदानंदने नकाशा खाली ठेवला. माणूस चिडून बोलत होता, पण बोलणं नाकारता येईना.

४

सगळे घरी गेल्यावर सदानंद दिलेल्या परवान्यांचं रजिस्टर घेऊन बसला. जानेवारीचं पान उघडलं. वळणदार अक्षरात ऑगस्टीनने नोंदी केल्या होत्या. जयप्रकाशने दिलेले परवाने चार. बाकीच्यांपुढे 'एस. बी.' असं लिहिलं होतं.

एस. बी. म्हणजे तो स्वतः. तारखा बघून त्याला हसूच आलं. पाच जानेवारी, आठ, अकरा. आपण पुण्यात जिलबी खात होतो तेव्हा बहारीनमध्ये परवाने कसे देत होतो?

मग हसू थांबलं.

रजेवर निघायच्या आदल्या दिवशी दुपारी ऑगस्टीन कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आला होता. "साहेब, तीन आठवडे नसणार तुम्ही. कुंपण, पाण्याची टाकी, असली बारीकसारीक कामं अडून राहतात." आणि सदानंदने चहा पीतपीत सह्या केल्या होत्या. दरवर्षी करायचा. आधीच्या कचेरीत त्याचे साहेब करायचे, त्यांच्या आधीचेही करत असतील. ही गोष्ट तो विसरला होता असंही नाही. ती कधी गोष्ट म्हणून त्याच्या मनात शिरलीच नव्हती.

सह्या केलेले फॉर्म किती होते, मालकाची आणि कचेरीची अशा दोन-दोन प्रतींचे? दहा. दहाव्यावर सही करताना पेन अडखळलं होतं आणि ऑगस्टीनने आपलं दिलं होतं, म्हणून आठवत होतं.

रजिस्टरात एस. बी. किती? त्याने बोटाने मोजले. नऊ.

उठून त्याने त्या नवांपैकी एक फाइल काढली. मुहर्रकच्या कोणा घरमालकाची, पाण्याची टाकी. परवान्याची प्रत खिडकीशी धरली. सही त्याची ऐसपैस, शेवटच्या अक्षराची शेपटी वर पार मजकुरात घुसलेली. आणि शेपटीवरून टाइपाची काळी अक्षरं गेलेली. गिलावा आधी, रंग मागून. चिखलात उभ्या असलेल्या माणसाने एकदा पाहून जे ओळखलं होतं ते इथे त्याच्या डोळ्यांपुढे महिनाभर पडून होतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पण कळसा सापडल्यावर माणसाला बरं वाटतं. सदानंदच्या कानशिलांतून वाफ निघाल्यासारखी झाली. खोटं बोलायचं तर बेतानं बोलावं. हे तो म्हणाला होता. मजुरांसमोर. हिंदीत.

घरी गेला तेव्हा अरुणाने ताट वाढलं. आठ वर्षांची स्मिता पुढ्यात येऊन बसली. बाबा डिटेक्टिव्ह झाल्याचं तिने वर्गात सांगून टाकलं होतं.

"बाबा, डिड यू फाइंड द चोर?"

"जेव तू," सदानंद म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवेना. अरुणाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, ताटातल्या तशाच राहिलेल्या पोळीकडे पाहिलं, आणि पोरीला आत पाठवलं.

दहावा फॉर्म कोणत्या कामाला वापरला गेला ते आता कळलं होतं. फाइल कुठे असेल तेही कळल्यासारखं वाटत होतं. कपाटाची किल्ली तिघांकडेच होती. जयप्रकाशला तर फाइल हवी होती, कारण तिच्यात त्याची सही नाही हेच त्याला दाखवायचं होतं. आणि आपण काही ती घेतली नव्हती. उरला एकच माणूस, जो टाचणीसुद्धा कधी कचऱ्यात टाकत नसे. त्याने ती फाडली नसणार.

५

शुक्रवारी ऑगस्टीन आणि मॅगी चर्चातल्या मिस्साहून परतले तेव्हा सदानंद त्यांच्या दाराशी उभा होता. मनामातली दोन खोल्यांची जागा. भिंतीवर येशूच्या हृदयाची तसबीर, खाली लहानसा दिवा. मॅगीने हसून स्वागत केलं. ती हॉस्पिटलात नर्स होती.

"बसा साहेब, आज बोंबिलाचं कालवण आहे. तुम्ही खात नाही ते, मी तुम्हाला ऑम्लेट करते."

"नको. ऑगस्टीनशी जरा बोलायचंय." मग काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "ती हुस्नाबाई कशी आहे? तुझ्याच वॉर्डात आहे ना?"

मॅगीचा चेहरा उतरला. "हाड जुळायला वेळ लागेल. पण मनाने खचलीय हो. तिला वाटतं, तिच्या नवऱ्याने बांधलेल्या घराचा पायाच कच्चा होता. मेलेल्या नवऱ्याला दोष लागला म्हणून रडते. मी कितीदा म्हटलं, बाई, तुमच्या घराचं काही चुकलं नाही. पण मग चुकलं कोणाचं, असं विचारते. मी काय सांगू?"

ऑगस्टीनने मान खाली घातली. सदानंदने ते पाहिलं आणि त्याची स्वतःचीही मान खाली गेली.

"दहावा फॉर्म, ऑगस्टीन," तो हळूच म्हणाला.

ऑगस्टीन उठला, तसबिरीमागे हात घातला आणि खाकी फाइल काढून सदानंदच्या मांडीवर ठेवली. चारशे सतरा. आत परवान्याची प्रत होती आणि तिच्यावर ती ऐसपैस सही.

"तो मालक तेरा तारखेला कचेरी सुटता सुटता आला," ऑगस्टीन सांगू लागला. "म्हणाला, बागेसाठी थोडी माती काढायचीय, तुमच्या साहेबांशी रजेआधीच बोलणं झालंय, त्यांनी जागा बघितलीय. रात्री विमान आहे, यल्ला, लवकर कर. आदल्या दिवशी मी बाहेरच्या कामावर होतो, त्याचा तमाशा मला ठाऊक नव्हता. मला वाटलं, असेल. साहेबांची सही म्हणजे साहेबांनी बघितलं असणारच. जयप्रकाशला विचारायला हवं होतं. पण त्याच्यापुढे कोण तोंड उघडणार? रजिस्टरात नोंद तुम्ही आल्यावर तुम्हाला विचारूनच करू, असं ठरवलं. तुम्ही आलात आणि कामाच्या ढिगात बुडालात. मग पाऊस आला."

"आणि तू फाइल घरी आणलीस."

"तुमची सही होती साहेब तिच्यावर. वसईत मी बेकरीत पाव भाजत होतो. तुम्ही व्हिसा पाठवलात, म्हणून हे घर आहे. हुसेनसाहेबांनी फाइल मागायच्या आधीच मी ती काढून ठेवली."

"मुनाफचा विचार नाही केलास?"

ऑगस्टीनने मॅगीकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत उभी होती, आणि नवऱ्याकडे अशी पाहत होती की जणू त्याला पहिल्यांदाच बघते आहे.

"केला," ऑगस्टीन म्हणाला. "रोज करतो. वाटतं, हातात कला आहे त्याच्या, गावी गेला तरी काम मिळेल. तुमचं तसं नाही. तुमची पोर इथे शाळेत आहे. साहेब, ही मी आज जाळून टाकतो. कोणाला काही कळणार नाही."

सदानंदने लगेच नकार दिला नाही. पुढे आयुष्यभर त्याला बोचलं ते हेच. मिनिटभर, कदाचित त्याहून जास्त, तो गप्प बसून विचार करत होता. स्मिताची शाळा. पुण्यात सांगायचं काय. मुनाफला दुसरीकडे काम मिळेल हे ऑगस्टीन बोलला, पण सदानंदच्या मनात ते त्याच्याआधीच येऊन बसलं होतं. हुस्नाबाई तर नवऱ्यालाच दोष देते आहे, मग देऊ दे, इथपर्यंत त्याचं मन जाऊन पोचलं. इतका खाली आपण उतरू शकतो हे त्याला पंचेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

"बाई विचारते ना, चुकलं कोणाचं?" मॅगी मध्येच म्हणाली. आवाज चढला नव्हता. "उद्या सकाळी माझी ड्युटी आहे. मी तिला काय सांगू, ते दोघं ठरवा."

सदानंदने फाइल काखेत मारली आणि उठला.

६

शनिवारी सकाळी हुसेनसाहेबांनी फाइल उघडली, परवाना पाहिला, मग चष्मा काढून ठेवला.

"ये तो तुम्हारी साइन है. तेरह जनवरी को तुम पूना में थे."

"हां. कोरे फॉर्म पर की थी. दस फॉर्म पर."

"बिना देखे?"

"बिना देखे."

हुसेनसाहेब खुर्चीत मागे रेलले. पुण्याच्या कॉलेजातल्या आठवणींवर दोघांनी किती दुपारी हसत घालवल्या होत्या. आता ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "वो तीसरी शर्त तो तुमने ही लिखी थी, यार," ते म्हणाले, आणि रागावले असते तर बरं झालं असतं असं सदानंदला वाटलं.

"टाइप किसने किया? फाइल किसने छुपाई?"

"सही मेरी है, साहब. बाकी सब उसी के नीचे आता है."

हुसेनसाहेबांनी काचेतून बाहेर पाहिलं. ऑगस्टीन टाइपरायटरशी बसला होता आणि हात मांडीवर होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बाहेर येऊन सदानंदने सगळ्यांसमोर जयप्रकाशची माफी मागितली. जयप्रकाशने ती घेतली, पण उभं राहून. "मीही नोंद केली नाही," तो म्हणाला. "एका केकपायी." मग तो ऑगस्टीनच्या टेबलाशी गेला. काय बोलला ते कोणाला ऐकू आलं नाही.

मुनाफवरची केस उभीच राहिली नाही. सदानंदचा व्हिसा रद्द झाला. आठ दिवसांची मुदत मिळाली. पोलिसांनी जबाब घेतला आणि हुसेनसाहेबांच्या शब्दावर तेवढ्यावर सोडलं.

हॉस्पिटलात मॅगी त्याला घेऊन गेली. हुस्नाबाई उशीला टेकून बसली होती. सदानंदने सांगितलं, मॅगीने अरबीत समजावलं. तुमच्या घराचा पाया पक्का होता, चूक माझी. बाईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. उतारावर भिंत कधी बांधणार? पुढच्या पावसाआधी होईल ना? मॅगीने ते मराठीत सांगितलं. उत्तर द्यायला सदानंदजवळ चार दिवस उरले होते.

७

निघायच्या सकाळी मुनाफ दारात आला. धुतलेला सदरा, हातात दोरीने बांधलेला पुठ्ठ्याचा खोका. बहारीनमधला कोणी गावी निघाला की ओळखीपाळखीचे आपापली पार्सलं घेऊन येतात, ही तिथली रीतच. पण हा माणूस येईल असं सदानंदच्या स्वप्नातही नव्हतं. माफी मागायला तो दोनदा रिफाला गेला होता. दोन्ही वेळा मुनाफ पायथ्याच्या भिंतीचे दगड लावत होता. सदानंदचं बोलणं त्याने ऐकून घेतलं होतं आणि पुढचा दगड उचलला होता.

"साहेब, मुंबईला जाताय ना? माझा भाऊ विमानतळावर येईल. एवढं त्याच्याकडे पोचवाल?"

"या, आत या. बसा," सदानंद म्हणाला. त्या दिवशी चिखलात त्याने याच माणसाला अरेतुरे केलं होतं, हे त्याला तेव्हाच आठवलं. "पोचवतो. जरूर पोचवतो. ठेवा इथे."

त्याने खोका घेण्यासाठी हात पुढे केले. मुनाफने तो दिला नाही. खाली जमिनीवर ठेवला, उकिडवा बसला आणि दोरीची गाठ सोडू लागला.

"उघडता कशाला? तुमच्यावर विश्वास आहे माझा."

मुनाफने वर पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता.

"बघून घ्या, साहेब. न बघता घेऊ नका."

अरुणा दाराआड उभी होती, ती आत निघून गेली. सदानंद खाली बसला. त्याचं तोंड तापलं होतं, पण उठून जायला जागा नव्हती आणि जावंसंही वाटलं नाही. त्याने एकेक वस्तू बाहेर काढली. दोन साड्या, कोणाच्या तरी डोळ्यांत घालायचं औषध, एक टॉर्च, साबणाच्या वड्या, पोरीच्या मापाच्या चपला. प्रत्येक वस्तू त्याने उलटसुलट करून पाहिली, औषधावरची तारीख वाचली, टॉर्च लावून बघितला. मुनाफ समोर बसून वाट पाहत राहिला. सगळं पाहून झाल्यावर सदानंदने ते होतं तसं परत भरलं आणि दोरी स्वतः बांधली.